मेट्रोच्या कारशेडचा इतिहास कसा काढायचा, तेही नाशकात बसून

भाचीचा फोन आला, कॉलेजात तिला प्रोजेक्ट मिळालंय, मेट्रोच्या कारशेडचा इतिहास आणि ती कारशेड बाकीच्या रुळांना कशी जोडलेली असते ते शोधून लिहायचं, आणि तिचं म्हणणं, "मामा, नाशकात मेट्रोच नाही, मी बघू काय?" तिला मी दोन रविवार बसून जे सांगितलं ते इथं लिहून काढतोय, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आमचे बाबा एकलहरे रोडच्या रेल्वे ट्रॅक्शन कारखान्यात होते आणि इंजिनाच्या मोटरींच्या वाइंडिंगला जो वार्निशचा वास येतो तो त्यांच्या शर्टाला कायम असायचा, त्यामुळे गाडी धावते त्यापेक्षा गाडी दुरुस्त कुठं होते याचंच मला लहानपणापासून जास्त वेड.

आधी एक गोष्ट पक्की करा. कारशेडचा इतिहास म्हणजे शेड कधी बांधली आणि फीत कोणी कापली हे नाही. सगळ्यात आधी शोधायचं ते हे, की गाडी आत आली कुठून. भुयारात धावणारी गाडी भुयारात बनत नाही, ती कुठंतरी लांब कारखान्यात बनते, मग ती रुळावरून आली, ट्रेलरवरून आली, जहाजातून आली का क्रेननं खाली सोडली, हे एकदा कळलं की ती शेड तिथंच का झाली, जागा किती लागली, भांडण कशावरून झालं, हे सगळं आपोआप उलगडत जातं. मी दहा-बारा शहरांच्या शेडी अशा काढल्यात आणि प्रत्येक वेळी याच दारातून आत शिरलो की काम सोपं गेलं.

सुरुवात इगतपुरी-मनमाडपासून करा

मेट्रो नसली तरी नाशिक जिल्ह्यात रेल्वेच्या देखभालीचा इतिहास भरपूर पडलाय आणि डोळा तयार करायला यापेक्षा चांगली जागा नाही. एक दिवस काढा, नाशिक रोडवरून गाडी पकडा आणि इगतपुरीला उतरा. पूल चढून यार्डाकडे नुसतं दहा-पंधरा मिनिटं बघत राहा, मेन लाईन कुठली, बाजूनं फिरून परत तिलाच मिळणारी लूप कुठली, कुठला रूळ पुढं जाऊन थांबतोय, इंजिनं कुठं उभी करतात. मग स्वतःला विचारा, एवढ्याशा गावात एवढा पसारा का? उत्तर घाटात आहे. थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, इथं चढ १ ला ३७ आहे, ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, रेल्वेच्या हिशोबानं हा भयंकर चढ झाला, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं लावतात ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात, त्यांना बँकर म्हणतात. हा घाट १८६५ ला चालू झाला. जिथं इंजिनं लावायची-काढायची तिथं ती ठेवायची सोय लागते, माणसं लागतात, क्वार्टर लागतात, गाव वाढतं. पुढं १९३० च्या आसपास घाटात वीज आली ती १५०० व्होल्ट डीसी, आणि इगतपुरीच्या पलीकडे भुसावळकडे १९६० च्या दशकात २५,००० व्होल्ट एसी आली, म्हणजे कितीतरी वर्षं इगतपुरीला दोन प्रकारची वीज समोरासमोर भेटत होती आणि इंजिन बदलावं लागायचं. आता सगळीकडे एसी झालंय. पण बघा, चढ आणि वीज या दोनच कारणांनी एका गावाचं यार्ड घडलं. मेट्रोची शेड बघताना पण हेच विचारायचं, की इथं असं काय बदलतं म्हणून गाडी इथं थांबवावी लागली.

दुसरा दिवस मनमाडला. मनमाड गेजसाठी, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. निजामाच्या राज्यातून काचीगुड्याकडनं येणारी लाईन मीटर गेज होती, १००० मिमी, आणि आपली मुंबई-भुसावळ ब्रॉडगेज, १६७६ मिमी. दोन्ही मनमाडला शेजारी शेजारी यायच्या, पण एकीचा डबा दुसरीवर जाऊ शकत नव्हता, मग माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा, हमालांनी पाठीवरून. १९९० नंतर तिकडची लाईन मोठी झाली आणि ते सगळं संपलं, तरी मनमाडच्या जुन्या माणसांना विचारा, ते हात करून दाखवतात कुठं काय उतरवायचे ते. गेजचा फरक म्हणजे काय हे एकदा मनमाडला समजलं की पुढं मेट्रोचं अर्धं कोडं सुटतं.

आणि हो, रुळावर उतरायचं नाही, शेडच्या आवारात घुसायचं नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ त्यासाठीच आहे आणि कायदा बाजूला ठेवला तरी यार्डात शंटिंगची, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायची गाडी आवाज न करता मागनं येते. पुलावरून, प्लॅटफॉर्मवरून, सार्वजनिक रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं भरपूर असतं.

वरून बघायला शिका

आता घरी येऊन सॅटेलाइट मॅप उघडा. मोबाइलवर नको, जमलं तर कॉम्प्युटरवर, आणि आधी एकलहऱ्याच्या वीज केंद्राची कोळशाची सायडिंग काढून बघा, मेन लाईनपासून एक रूळ कसा हळूहळू वळत बाजूला जातो आणि आत जाऊन त्याला फाटे फुटतात. हे वळण लक्षात ठेवा. रेल्वेला काटकोनात वळता येत नाही, तिला लांबलचक बाक लागतो, म्हणून मॅपवर शेतांच्या किंवा घरांच्या मधून एखादी हिरवी पट्टी किंवा कंपाउंडची भिंत अशी बाकदार जाताना दिसली की समजा तिथं कधीतरी रूळ होता. काढून टाकलेल्या सायडिंग अशाच सापडतात.

मेट्रोचा डेपो, म्हणजे कारशेडच, वरून बघितला की कंगव्यासारखा दिसतो. एका बाजूनं एक-दोन रूळ आत येतात, मग सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागा, लागत लागत त्यांचे दहा-वीस होतात. त्यातले जे लांब सरळ रूळ नुसते गाड्या उभ्या करायला असतात त्यांना स्टेबलिंग लाईन म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो कारण तो तबेल्यावरून आलाय. आपल्याकडे नाशिक शहर ते नाशिक रोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम होती, नंतर पेट्रोल इंजिनावर चालायला लागली आणि १९३० च्या दशकात बंद पडली, तर त्या ट्रामच्या काळात देखभाल म्हणजे चाकं आणि डबे तर होतेच पण आधी घोड्यांचा चारा, पाणी, नाल. तो तबेला म्हणजेच त्या ट्रामचा डेपो.

स्टेबलिंगच्या पलीकडे मोठं छप्पर असतं, त्यात दोन भाग. एकात रूळ खांबांवर उचललेले असतात आणि खाली खड्डा असतो, म्हणजे माणूस उभा राहून गाडीच्या पोटाखाली काम करू शकतो, ही इन्स्पेक्शन लाईन, हिला सगळे पिट लाईनच म्हणतात. दुसऱ्यात गाडी जॅकवर अख्खी उचलतात, बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, बाहेर काढतात, हा वर्कशॉप. बाजूला एक छोटी एकटी शेड दिसते जिच्यातून रूळ आरपार जातो, तिथं बहुतेक चाक तासायचं लेथ असतं, जमिनीत बसवलेलं, चाक न काढता जागेवर तासतं. मेट्रोचं नवं चाक साधारण ८६० मिमीचं असतं आणि घासत-तासत ७८० ला आलं की बदलतात, हे ८० मिमी म्हणजे त्या चाकाचं अख्खं आयुष्य. मग गाडी धुवायचा प्लांट, तो येण्याच्या वाटेवर. आणि कंपाउंडच्या कडेनं एक लांब सरळ एकटा रूळ, तो टेस्ट ट्रॅक.

इथं एक युक्ती सांगतो जी मला स्वतःला बऱ्याच उशिरा सुचली. मॅपमधली पट्टी घेऊन स्टेबलिंग लाईनची लांबी मोजा आणि तिला २२ नं भागा. मेट्रोचा डबा साधारण २२ मीटरचा असतो. म्हणजे ती लाईन किती डब्यांच्या गाडीसाठी बांधली ते कळतं, आणि आज धावते त्यापेक्षा ती लांब असेल तर बांधणाऱ्यानं पुढचा विचार केलेला आहे. पुणे मेट्रो ३ डब्यांची धावते पण स्टेशनं ६ डब्यांची आहेत. डेपोत पण अशी खूण सापडते का ते बघायचं.

मग गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे फोटो बघायची सोय आहे ती वापरा, मागं मागं जात राहा. पुण्याचा वनाजचा डेपो असाच बघा, तिथं आधी कोथरूडचा कचरा डेपो होता. रेंज हिलचा डेपो कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर. शहराच्या आत तीस-तीस हेक्टर मोकळी सपाट जागा मिळतेच कुठं, मग कचऱ्याची जागा, शेतकी कॉलेज, दूध कॉलनी, मिठागरं अशीच नावं प्रत्येक शहरात निघतात. हे एकदा बघितलं की मुंबईत आरेच्या कारशेडवरून एवढं रण का पेटलं ते कळतं.

गेज शोधा, मग दार सापडेल

भारतात मेट्रोचं दार दोन प्रकारचं. कोलकात्याची पहिली लाईन ब्रॉडगेज, २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर चालू झाली, ३.४ किलोमीटर. डबे पेरांबूरच्या आयसीएफचे, म्हणजे रेल्वेच्याच कारखान्याचे, आणि रेल्वेच्याच गेजचे. दिल्लीत २००२ ला पहिली लाईन चालू झाली ती पण ब्रॉडगेज, दिल्ली मेट्रोचे प्रमुख श्रीधरन साहेबांना स्टँडर्ड गेज पाहिजे होतं पण सरकारनं ब्रॉडगेजच ठरवलं, मग दुसऱ्या टप्प्यातल्या नव्या लाईनींपासून दिल्ली स्टँडर्डवर गेली, १४३५ मिमी. मुंबई, पुणे, नागपूर सगळं स्टँडर्ड.

याचा अर्थ काय? मुंबई-पुणे-नागपूरच्या मेट्रोची गाडी भारतीय रेल्वेच्या रुळावरून डेपोत येऊच शकत नाही. ती ट्रेलरवर येते. मुंबईच्या मेट्रो-३ च्या गाड्या आंध्रातल्या श्रीसिटीला बनल्या आणि २०२२ ला पहिली गाडी ट्रेलरवर एकेक डबा अशी आरेत आली. पुण्यात चाचणीचे पहिले डबे नागपूर मेट्रोचे आणलेले, डिसेंबर २०१९ मध्ये, ते पण रस्त्यानं. म्हणून स्टँडर्ड गेजच्या डेपोत रेल्वे सायडिंग शोधत बसू नका, तिथं रस्त्याचं गेट शोधा, मोठा ट्रेलर वळेल एवढं रुंद, आणि आत डबा उतरवून रुळावर ठेवायची जागा. तेच त्या डेपोचं दार. भाचीनं आधी दोन दिवस वनाजला रेल्वेची सायडिंग शोधण्यात घालवले होते बिचारीनं.

पण नुसतं गेज जुळून पण भागत नाही, हे न्यूयॉर्कवरून शिका. तिथं १९०४ ला सबवे चालू झाली, गेज तेच जे तिथल्या बाकी रेल्वेचं, १४३५ मिमी, सगळ्या लाईनी एकमेकींना कुठं ना कुठं जोडलेल्या, ब्रुकलीनमध्ये बाहेरच्या मालगाडीच्या रुळांशी पण जोड आहे. तरी सुरुवातीच्या कंपनीचे बोगदे अरुंद, त्यात पावणेनऊ फुटाच्या आसपास रुंदीचा डबा जातो, आणि नंतरच्या लाईनींचे डबे १० फूट रुंद. रूळ जोडलेले असून रुंद गाडी अरुंद बोगद्यात जाऊ शकत नाही, उलट अरुंद गाडी जाते, म्हणून दुरुस्तीच्या, रूळ टाकायच्या गाड्या अरुंद मापाच्या ठेवतात, त्या सगळीकडे फिरतात. म्हणून टिपण काढताना गेज, डब्याची रुंदी आणि वीज कशी मिळते ते तीनही लिहा. वीज वरच्या तारेतून येते का बाजूच्या तिसऱ्या रुळातून, यावर पण जोडणी अडते.

जोड नसली की काय होतं

माझ्या मते खरा इतिहास इथंच आहे, आणि प्रोजेक्टमध्ये याला सगळ्यात जास्त जागा द्या असं मी भाचीला सांगितलं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची भुयारी रेल्वे घ्या. १४ डिसेंबर १८९६ ला चालू झालेली, दोन गोल बोगदे, एकात गाड्या एका दिशेनं फिरतात, दुसऱ्यात उलट. गेज ४ फूट, जे दुसरीकडे सहसा नसतं. आधी गाड्या दोरखंडाला अडकवून ओढायच्या, १९३५ ला वीज आली. आणि डेपो? गोवन भागात, पण जमिनीवर, आणि बोगद्यातून वर यायला रूळच नाही! बोगद्याच्या छताला एक खड्डा ठेवलेला, त्याच्यावर शेड, गाडी त्याच्या खाली आणून उभी करायची आणि क्रेननं डबा उचलून वर घ्यायचा. काम झालं की परत खाली सोडायचा. विचार करा, एखाद्या दिवशी चार डबे बिघडले तर चारदा क्रेन. आणि रात्री गाड्या वर कुठं नेणार, त्या बोगद्यातच उभ्या. हे ऐंशी वर्षं असंच चाललं. १९७७ ला सगळं बंद करून नव्यानं बांधलं आणि १९८० ला परत चालू केलं तेव्हा डेपोला जाणारा उतारावरचा रूळ झाला. एका उताराच्या रुळानं त्या लोकांचं काम किती बदललं असेल, मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "क्रेनवाल्याची नोकरी गेली असेल रे."

लंडनची वॉटरलू-सिटी लाईन पण तशीच, १८९८ ची, छोटीशी, कुठल्याच दुसऱ्या लाईनीला जोडलेली नाही, डेपो जमिनीखालीच. पूर्वी डबे वर-खाली न्यायला स्टेशनाजवळ लिफ्ट होती, ती गेली, आता मोठं काम निघालं की रस्त्यावर क्रेन उभी करून डबे उचलतात.

टोकियोची जिन्झा लाईन, १९२७ ची, आशियातली पहिली सबवे. तिचा उएनोचा डेपो काही भाग जमिनीवर आहे, आणि तिथं जायला गाडी साध्या रस्त्यावरून फाटक ओलांडून जाते. सबवेची गाडी आणि लेव्हल क्रॉसिंग! तिसऱ्या रुळात वीज असते म्हणून तिथं रस्त्याबरोबर रुळाला पण फाटक आहे, गाडी नसली की रुळाकडचं फाटक बंद, म्हणजे चुकून कोणी रुळावर जाऊ नये. हा व्हिडिओ जरूर शोधून बघा, दोन मिनिटांत समजतं की जुन्या शहरात डेपोला जागा मिळवायची म्हणजे काय काय करावं लागतं.

आणि सगळ्यात जुनी गोष्ट, जगातली पहिली भुयारी रेल्वे, लंडनची मेट्रोपॉलिटन, १० जानेवारी १८६३. हिच्याकडे सुरुवातीला स्वतःचं इंजिन नव्हतं, डबे नव्हते, ग्रेट वेस्टर्न नावाच्या मोठ्या रेल्वे कंपनीनं गाड्या दिल्या, त्यांचं गेज ७ फुटाचं अवाढव्य. काही महिन्यांतच दोघांचं भांडण झालं आणि ऑगस्टमध्ये ग्रेट वेस्टर्ननं गाड्या काढून घेतल्या. आता काय? नशिबानं बोगद्यात दोन्ही गेजचे रूळ टाकलेले होते, म्हणून दुसऱ्या कंपनीकडून साध्या गेजच्या गाड्या उसन्या आणून सेवा चालू ठेवली, आणि मग १८६४ ला स्वतःची इंजिनं घेतली. स्वतःची इंजिनं आली की स्वतःची शेड आली, आधी एजवेअर रोडला, ती जागा पुरेना म्हणून १८८० च्या दशकात शहराबाहेर नीसडेनला, शेतांमध्ये, कामगारांना घरं बांधून देऊन. नीसडेनला आजही डेपो आहे. ज्याच्या हातात गाडीची देखभाल त्याच्या हातात लाईन, हे त्या कंपनीला पहिल्याच वर्षी कळलं.

मुंबईची रांग लावून बघा

आपल्या जवळचं उदाहरण म्हणून मुंबई घ्याच, कारण नाशकातून एका दिवसात जाऊन येता येतं. परळचा कारखाना १८७९ चा, माटुंग्याचा १९१५ चा, कुर्ला कारशेड १९२५ ची. या तीन तारखा एका ओळीत लिहा. परळ म्हणजे वाफेच्या इंजिनांचा काळ, माटुंगा डब्यांसाठी, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर लाईननं भारतातली पहिली विजेची गाडी धावली म्हणून कुर्ल्याला कारशेड. प्रत्येक वेळी शहराचं टोक पुढं सरकलं आणि कारखाना त्याच्या मागं सरकला. "कारशेड" हा शब्द आपल्या तोंडात बसला तो पण या लोकलमुळंच, मेट्रोवाले कागदावर डेपो लिहितात.

मग मेट्रो-३. अख्खी लाईन भुयारी, ३३.५ किलोमीटर, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली, फक्त आरेचं वर. ते वर का आहे? कारण डेपो वर आहे आणि गाडीला कुठंतरी बाहेर यायलाच पाहिजे. ८ डब्यांची गाडी, तिला उभी करायला तेवढी सपाट जागा, आणि ती लाईनीच्या टोकाजवळच पाहिजे नाहीतर रोज पहाटे रिकाम्या गाड्या लांबवर पळवाव्या लागतात. ऑक्टोबर २०१९ ला तिथं झाडं तोडली, सुप्रीम कोर्टानं थांबवलं, २०२० ला कांजूरमार्गला हलवायचं जाहीर झालं, त्या जागेवरून हायकोर्टानं स्थगिती दिली, २०२२ ला परत आरे. मला विचाराल तर झाडं गेली त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही, पण इतिहास लिहिताना दोन्ही जागांचा नकाशा समोर ठेवा आणि बघा की कांजूरला डेपो गेला असता तर गाडीला तिथपर्यंत पोचायला मेट्रो-६ या दुसऱ्या लाईनीच्या रुळाचा आधार घ्यावा लागला असता. म्हणजे भांडण जमिनीचं होतं तसंच जोडणीचं पण होतं, आणि हे दुसरं अंग फार कमी लोक मांडतात.

तारखांचं एक जपा. डेपोला एक तारीख नसते. पहिली गाडी आत आली ती एक, चाचणी चालू झाली ती एक, उद्घाटन एक, आणि प्रवासी बसले ती एक. मेट्रो-३ ची पहिली गाडी आरेत २०२२ ला, प्रवासी ऑक्टोबर २०२४ ला, आणि कफ परेडपर्यंत पूर्ण लाईन ऑक्टोबर २०२५ ला. कोणी नुसतं "डेपो २०२४ ला झाला" लिहिलं की विचारायचं, म्हणजे नक्की काय झालं?

कागद आणि माणसं

कागदात सगळ्यात कामाचा म्हणजे डीपीआर, प्रकल्पाचा सविस्तर अहवाल. बऱ्याच मेट्रो कंपन्यांच्या साइटवर असतो, शेकडो पानं, घाबरू नका, त्यात मेंटेनन्स डेपोचं वेगळं प्रकरण असतं तेवढंच आधी वाचा, किती गाड्या, किती लाईनी, कुठली मोठी कामं कुठं होणार, सगळं तिथं. रेल्वेच्या जुन्या गोष्टींसाठी १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, नेटवर स्कॅन मिळतं, आणि आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं, तिथं एकदा जाऊन संदर्भ विभागात विचारा. मुंबईला फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथं जायचं तर आधी नेमकं काय पाहिजे ते लिहून न्या, नुसतं "रेल्वेचं काहीतरी" म्हणून गेलं तर दिवस वाया जातो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराला ३० दिवस, आणि अर्जात एक-दोनच नेमके प्रश्न विचारा, जागेचा प्लॅन कुठल्या वर्षाचा पाहिजे ते पण लिहा.

कागद दिसला की लगेच परवानगी घेऊन फोटो काढा, नंतर काढू म्हणू नका. एका ऑफिसात मी एका जुन्या सायडिंगचा प्लॅन बघितला होता, निळ्या कागदावरचा, घडीवर फाटलेला, वाटलं पुढच्या खेपेला कॉपी घेऊ. तीन महिन्यांनी गेलो तर गठ्ठा पावसात भिजून गेला होता, कपाटात नुसता लगदा. अजून ती रेषा कुठं वळत होती ते आठवायचा प्रयत्न करतो.

माणसांकडे जाताना कागद-पेन घेऊन जा आणि त्यांच्याच हातात द्या. आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड फिटर काका आहेत, त्यांना मी आधी विचारायचो, शेड कधी झाली, किती सालची, तर ते म्हणायचे नाही बाबा आठवत. मग एकदा विचारलं, "काका, बिघडलेलं इंजिन आत कुठून घ्यायचे?" आणि काकांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवला तो उचललाच नाही, इथून यायचं, इथं सांधा, इथं शंटर झेंडी घेऊन उभा, इथं उतार होता म्हणून चाकाखाली लाकडी गुटका लावायचा, आणि पावसाळ्यात या पिटमध्ये गुडघ्याएवढं पाणी, "आम्ही पंप लावून मग खाली उतरायचो". काकूंनी चहा आणला तोपर्यंत अख्खं यार्ड पेपरच्या कडेला उतरलं होतं. तो तुकडा मी जपून ठेवलाय. साल विचारलं की माणूस अडखळतो, वाट विचारली की सांगतो.

आणि नाशिकचं स्वतःचं

भाचीचा शेवटचा प्रश्न नाशिक मेट्रोचा होता. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, ती निओ मेट्रो, म्हणजे रबरी टायरवर चालणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी, जोडबसासारखी लांब गाडी, गंगापूर ते नाशिक रोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे मुख्य दोन मार्ग. अजून धावत काही नाही. पण आपला प्रश्न तिला लावून बघा. रूळच नाही, म्हणजे गेज नाही, पिट लाईनीत रूळ खांबांवर उचलायचे नाहीत, चाक तासायचं लेथ नाही, टायर बदलायची सोय पाहिजे. बाहेरून येणारी गाडी रस्त्यानं येणार. आणि डेपो जिथं असेल तिथपर्यंत गाडीला वळणं घेत जाता येणार, रेल्वेसारखा लांब बाक लागणार नाही, म्हणजे जागा निवडायला मोकळीक जास्त.

मी तिला सांगितलं, नाशिकचं फोल्डर आजच उघड. दर सहा महिन्यांनी गंगापूर, मुंबई नाका, नाशिक रोडच्या मोकळ्या जागांचा सॅटेलाइट फोटो सेव्ह करून ठेव, नावात आधी साल मग महिना मग जागा, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. टेंडरच्या जाहिराती कापून ठेव. नाशिक रोड स्टेशनाबाहेर, जुनी ट्राम जिथं येऊन थांबायची त्या बाजूला, रस्त्याचा एक फोटो काढ, सकाळच्या उन्हात, कोणी मधे नसताना. तिनं मागच्या रविवारी काढला आणि पाठवला, रिक्षांच्या रांगेमागं एक जुनी दगडी भिंत दिसतेय त्यात, ती कशाची आहे ते आता आम्ही दोघं शोधतोय.